सहा आठवडे वाकायचं नाही

लांबी अकरा इंच. जाडी दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी. मधोमध कमानीसारखी वाकवलेली. हाताला गार लागते.

*

आमच्या घरात जिवंत माणसाला एक नमस्कार, मेलेल्याला दोन. आधी गुडघे, मग तळवे, मग कपाळ. कपाळ जमिनीला लागल्यावर मनात तीन आकडे मोजायचे. दोन मोजून उठणाऱ्याला माझे वडील पुन्हा करायला लावतात.

*

लहान संत्रं, जेजू बेटावरचं. ते ग्यूहाच्या छातीवर ठेवलं की घरंगळायचं नाही. बरोब्बर खळग्यात बसायचं. ओढ्यावर चुलत भावंडांनी ठेवून पाहिलं, सगळे हसले, तोही हसला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने कोणासमोर शर्ट काढला नाही.

*

वॉर्डच्या दारावरची पाटी, मीच लिहिलेली : "कंबरेतून वाकू नका. कुशीवर झोपू नका. अंग पिळू नका. जड उचलू नका." त्याखाली लाल शाईत : "वाकू नका म्हणजे नमस्कारालाही नाही." पेशंट ही पाटी वाचतात, वळतात, "बरं सिस्टर" म्हणतात आणि वाकतात.

*

"सहा आठवडे वाकायचं नाही. कळलं?" बे सर म्हणाले.

"हो सर. तुमचे फार उपकार आहेत, सर," ग्यूहा म्हणाला.

*

आता ओळीने सांगते.

मी क्वन सनोक. देगूच्या एका मोठ्या इस्पितळात छातीच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात चौदा वर्षं सिस्टर आहे. काही मुलांच्या छातीचं मधलं हाड जन्मापासून आत गेलेलं असतं. वाढीच्या वयात ते आणखी खोल जातं, कधी हृदयाला आणि फुप्फुसांना दाबतं. मग दोन्ही बगलांखाली लहान छेद घेऊन त्या हाडामागून धातूची पट्टी सरकवायची, आत गेल्यावर ती उलटवायची, की हाड आतून कुणीतरी ढकलल्यासारखं वर येतं. पट्टी बरगड्यांना बांधायची आणि तीन वर्षं तशीच ठेवायची. पहिले सहा आठवडे सगळ्यात वाईट. पट्टी अजून घट्ट धरली गेलेली नसते. माणूस कंबरेतून वाकला तर ती फिरू शकते. फिरली की हाड परत खाली, आणि सगळं पहिल्यापासून.

फिरणं तसं विरळा. वर्षात आमच्याकडे दोन, फार तर तीन. पण येतात कधी? चांद्र नववर्षानंतरच्या आठवड्यात. कारण शस्त्रक्रिया हिवाळ्याच्या सुट्टीत करायच्या, शाळा बुडायला नको म्हणून. आणि सुट्टीच्या पोटातच नववर्ष येतं, म्हणजे सगळ्या देशाने आजीआजोबांपुढे कपाळ टेकायचं. चौदा वर्षं मी हे सांगतेय. सुट्टी बदलता येत नाही, नववर्ष बदलता येत नाही, निदान पाटी मोठी करा. पाटी मोठी केली. वाचून वाकणारे वाढले.

या वर्षी माझ्याच भावाचा मुलगा होता. सतरा वर्षांचा. आमच्या थोरल्या घराचा थोरला नातू.

ग्यूहाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. छाती दिसू नये म्हणून तो सहा वर्षं पोक काढून चालला. खांदे पुढे, मान खाली. आणि आंदोंगजवळच्या आमच्या गावात सगळे काय म्हणत? "क्वनांचा नातू किती नम्र! आजकालच्या पोरांत नाही बघायला मिळत." वडिलांची मान ताठ व्हायची. पोराला जिना चढताना धाप लागायची, आणि गाव त्याच्या विनयाचं कौतुक करत होतं. मी तेशिकला, माझ्या भावाला, तीनदा सांगितलं की हे नम्र वगैरे नाही, याची तपासणी कर. तो म्हणाला, "तुला सगळीकडे पेशंटच दिसतात." चौथ्यांदा मी पोराला परस्पर घेऊन आले. तपासणीत हृदय डावीकडे दोन बोटं सरकलेलं निघालं.

आठ जानेवारीला बे सरांनी शस्त्रक्रिया केली. चांगली झाली. चौदाला घरी पाठवला. एकोणतीसला नववर्ष. मार्चमध्ये त्याचं बारावीचं वर्ष सुरू होणार होतं, म्हणजे आमच्या देशात पोराच्या आयुष्यातलं ते एकच वर्ष ज्यात तो तापानेही झोपू शकत नाही. पट्टी जागेवर राहिली तर मार्चमध्ये शाळेत. फिरली तर पुन्हा टेबलावर. हिशोब एवढाच होता.

मी सत्तावीसला रजा टाकून गावी गेले. राखण करायला.

*

"उभा राहणार?" वडील म्हणाले. वय ब्याऐंशी, दातांपेक्षा मतं जास्त. "दहा माणसं पितरांपुढे कपाळ टेकणार आणि थोरला नातू छाती पुढे काढून उभा राहणार?"

"बाबा, छाती पुढे काढायलाच तर नेला होता."

"तू मध्ये बोलू नकोस, पोरी."

"मी सिस्टर आहे. माझ्याच वॉर्डातला पेशंट आहे तो."

"वॉर्ड तिकडे देगूला. हे घर आहे."

वहिनी मिरान बांगड्याला मीठ चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगून बघा. मी सांगितलं तर मी बाहेरची होते. वीस वर्षं झाली, अजून बाहेरचीच."

"अर्धं वाकला तर चालेल का?" तेशिकने विचारलं. माझा भाऊ. तडजोडीत जन्मला आणि तडजोडीत मरणार.

"दादा, अर्धी पट्टी फिरते असं काही नसतं."

"मी हळू वाकेन, आत्या," ग्यूहा म्हणाला.

"तू गप्प बस! हळू वाकेन म्हणे! हळू फिरली तरी पट्टी फिरतेच!"

"सॉरी, आत्या," म्हणून तो वाकायला लागला. मी त्याची कॉलर धरली. वहिनीने बांगडा सोडून त्याचा दुसरा खांदा धरला. माशाच्या हाताने. शर्टाला अजून वास येतो म्हणतात.

हे दोन दिवस चाललं. जेवताना, भांडी घासताना, पितरांच्या ताटांसाठी नाशपाती-बोरं रचताना. मी एक्स-रे दाखवले. वडील म्हणाले, कागदावर सगळंच वाकडं दिसतं. मी बे सरांना फोन लावून दिला. वडिलांनी बे सरांची दहा मिनिटं विचारपूस केली, त्यांचं कूळ कोणतं, मूळ गाव कोणतं ते विचारलं, आणि फोन ठेवताना म्हणाले, "चांगल्या घरचा माणूस आहे." पट्टीबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं डोकं भिंतीवर आपटून घ्यावं.

अठ्ठावीसच्या संध्याकाळी वडिलांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. पुढ्यात दौत, ब्रश, पांढरा कागद.

"लांबी किती?"

"कशाची?"

"त्या पट्टीची."

"अकरा इंच."

"आपल्या मापात?"

मी मनात हिशेब करून सांगितलं.

"लोखंड आहे?"

"पोलाद. गंजत नाही तसलं."

"किती दिवस आत?"

"तीन वर्षं. पण बाबा, हे सगळं—"

"पितरांना कळवायचं तर नीट कळवायला नको? उद्या विचारतील, कसली पट्टी, तर मी काय सांगू, सनोकला विचारा?"

ते लिहीत बसले. मी तिथेच बसून राहिले, कारण मधूनमधून ते विचारत होते, "कुठून घातली? दोन्ही बाजूंनी? डावी आधी की उजवी?" मी चौदा वर्षांत इतक्या बारकाईने विचारणारा नातेवाईक पाहिला नाही. एवढंच दोन दिवसांपूर्वी विचारलं असतं तर माझा घसा वाचला असता.

*

सकाळी विधीत वडिलांनी वाचलेला मजकूर :

"नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वंशज क्वन दूह्यन नम्रपणे कळवतो. थोरला नातू ग्यूहा याच्या छातीचे हाड जन्मापासून आत होते. आम्हाला ते सतरा वर्षे कळले नाही, ही आमची कसूर. मागील चांद्रमासात वैद्यांनी दोन्ही बाजूंनी छेद घेऊन, डावी बाजू आधी, त्यात पोलादाची एक पट्टी बसविली आहे. ती तीन वर्षे राहील. वैद्य चांगल्या घरचे असून त्यांनी वाकण्यास मनाई केली आहे. आज तो आपल्यापुढे उभा राहील, तो उद्धटपणा समजू नये. त्याचे दोन नमस्कार त्याचा आजा करील."

*

आणि केले. आधी स्वतःचे दोन, मग आणखी दोन. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे. शेवटच्या वेळी उठताना तेशिकने हात द्यायला पाहिलं तर तो झटकला.

आम्ही बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बघत होतो. दिवाणखान्यातल्या रांगेत बायका नसतात. दहा पाठी जमिनीला समांतर, आणि त्यांच्यामध्ये एकटा ग्यूहा, खांबासारखा. अंगात बनियन, स्वेटर आणि वरून विधीचा पांढरा अंगरखा. मी पूर्ण वेळ त्याच्या पाठीकडे बघत होते. पाठ सरळ होती. मला एवढं समाधान वाटलं की मी तांदळाच्या चकत्यांचं सूप दोनदा वाढून घेतलं. त्या दिवशी आमच्यातला प्रत्येक जण सुपाच्या वाटीबरोबर वर्षाने मोठा होतो. मी दोन वर्षांनी मोठी झाले, आणि अक्कल तेवढीच राहिली.

पाठीकडे बघत होते. छातीकडे नाही.

*

पाच फेब्रुवारीला तो तपासणीला आला. मी स्वतः त्याला एक्स-रेच्या खोलीत सोडलं. पडद्यावर फोटो आला. बाजूने काढलेला. पट्टी जिथे आडवी, कमान वर करून दिसायला हवी होती, तिथे ती कलंडलेली होती. कमान खाली.

बे सरांनी मान हलवली. "नववर्ष," एवढंच म्हणाले.

मी बाहेर जिन्यात जाऊन गावी फोन लावला.

"बाबा, तुम्ही त्याला दुपारी कुठे नेलं होतं?"

"कधी?"

"नववर्षाच्या दुपारी! मी भांडी घासत होते तेव्हा!"

"टेकडीवर. पणजोबांच्या थडग्यावर."

"तिथे वाकला?"

"बर्फ होता," ते म्हणाले.

"बाबा, वाकला का?"

"चढण होती. मी पुढे होतो. मी मागे वळून पाहिलं नाही."

"पाहिलं नाही! सगळ्या पितरांना पत्र लिहिलंत, ब्रशने, डावी बाजू आधी, आणि मागे वळून पाहता आलं नाही?"

"पट्टी फिरली?"

"फिरली."

ते म्हणाले, "माझी चूक." आणि फोन ठेवला. माझ्या आयुष्यात हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मला बरं वाटायला हवं होतं. आणखीच संताप आला. माणसाने भांडायच्या वेळी भांडावं.

दुसरी शस्त्रक्रिया वीस फेब्रुवारीला ठरली. शाळा आठवडाभर तरी बुडणार होती. दोन दिवसांनी तेशिकचा फोन.

"बाबा रोज सकाळी टेकडीवर जातात. माफी मागायला. बर्फ आहे, सनोक. काल घसरले."

"मग थांबव ना त्यांना."

"तू सांग. मी सांगितलं तर म्हणतात, सनोकला विचारलं का?"

मी ठरवलं होतं, पंधरा दिवस तरी बोलायचं नाही. म्हाताऱ्याने मनगट मुरगाळून घेतल्याचं कळलं, तरी नाही बोलले. मी अशीच आहे. आमच्या घरातले सगळे असेच आहेत.

*

वीस फेब्रुवारी, सकाळी साडेसात. ग्यूहा ट्रॉलीवर आडवा, हिरवी टोपी घालून. मी चादर नीट करत होते.

"आत्या."

"बोल. घाबरू नकोस. या वेळी सर दोन जागी बांधणार आहेत."

"आजोबांकडे नाही झालं ते."

"काय नाही झालं?"

"पट्टी. टेकडीवर मी उभाच होतो. आजोबांनीच माझे पण नमस्कार केले, सकाळसारखे. ते आधीच झालं होतं."

मी चादर सोडली. "आधी कधी?"

"इथेच. घरी जायच्या दिवशी. आत टक् असं झालं."

"टक् झालं? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सर पुढच्या पेशंटकडे गेले होते. त्यांना परत बोलवायचं म्हणजे... बरं दिसलं नसतं."

"मला सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना बोलावलं असतंस."

बोलावलं असतंच.

"आणि तीन आठवडे? आरशात बघितलं नाहीस? छाती परत खाली गेलेली कळली नाही?"

"मी आरशात बघत नाही, आत्या," तो म्हणाला. "सवय नाही."

"आणि आजोबा रोज बर्फातून टेकडी चढतायत ते?"

त्याचे डोळे भरले. "काल कळलं. आईने काल सांगितलं. म्हणून तर बोलतोय."

ट्रॉलीवाला आला. ग्यूहाने आडव्यानेच त्याला मान झुकवून नमस्कार केला. मी त्याच्या कपाळावर हात ठेवून ती मान उशीवर परत दाबली.

*

"बाबा, मी बोलतेय."

"झालं का?"

"झालं. सरळ बसली. दोन जागी बांधली आहे."

"बरं."

"तुमची चूक नव्हती. टेकडीवर काही झालं नाही. उद्यापासून टेकडी बंद."

"मग कोणाची होती?"

"मनगट कसं आहे?"

"मी काय विचारलं, पोरी?"

"सांगते. गावी आल्यावर सांगते."

"मग मी पितरांना पुन्हा कळवायला हवं," ते म्हणाले. "आधीचं खोटं ठरलं. नाव काय लिहू?"

मी म्हटलं, जागा कोरी ठेवा.

*

सव्वीस फेब्रुवारी. दुसऱ्यांदा घरी जायचा दिवस. त्या सकाळी इस्पितळाच्या खोलीतल्या आरशासमोर मी ग्यूहाला उभं केलं आणि शर्टाची बटणं काढायला लावली. "बघ," म्हटलं. तो नको नको म्हणत होता. मी त्याची हनुवटी धरून वर केली. मग बघितलं त्याने. बटणं फार सावकाश लावली.

बे सर आले. मागे दोन शिकाऊ डॉक्टर, हातात कागद. मी ग्यूहाच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या दोन्ही खांद्यांखाली हात घातले, गोणी उचलतात तसे.

"सहा आठवडे," सर म्हणाले. "या वेळी खरंच."

"हो स—" ग्यूहाच्या पाठीचे स्नायू माझ्या हातांखाली सुटायला लागले. मला जाणवलं आणि मी बोटं रुतवली. "डोळ्यांनी," मी त्याच्या कानात म्हटलं. "डोळ्यांनी कर."

त्याने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. लाजेने कान लाल झाले होते. बे सर सवयीने वाकले. त्यांच्यामागचे दोघेही वाकले. पूर्ण खोलीत आम्ही दोघंच उभे. चौदा वर्षांत पहिल्यांदा बे सरांपुढे मी ताठ उभी होते, आणि माझी कंबर दुखत होती, न वाकल्यामुळे. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकीने माझ्याकडे असं बघितलं की हिला काय झालंय. सर गेले. मी आणखी अर्धा मिनिट त्याला सोडला नाही.

"आत्या, दुखतंय."

"कुठे?"

"तू धरलंयस तिथे."

लगेच खाली नेऊन पुन्हा एक्स-रे काढला. नियमात नव्हतं. कमान वर होती.

चौदा जानेवारीला, सकाळी सव्वा अकरा वाजता, त्याच खोलीत ग्यूहा बे सरांपुढे कंबरेतून वाकला तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते, आणि मीही वाकलेली होते.